रंग न धरलेला तुकडा

९ फेब्रुवारी

ही वही नातीने दिली. ती नर्सिंग शिकते, दुसरं वर्ष. म्हणाली, "आजी, आईचे टाके सुटेपर्यंत तुला जे जे बोलायचं असेल ते यात लिही." म्हणजे माझ्या तोंडाला झाकण. बरं. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातही मास्तर निम्मे दिवस यायचे नाहीत, पण अक्षर माझं नातीपेक्षा चांगलं आहे.

काल सुनेचं ऑपरेशन झालं. जठराचा कॅन्सर. जठराचा पाऊण भाग काढला. पाच तास लागले. पाच तास माझा मुलगा बाकावर बसून पायाचा अंगठा हलवत होता. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या. म्हटलं, खाली जाऊन चार घास खाऊन ये, तर म्हणे भूक नाही. मग माझा डबा त्यानेच संपवला.

पोटाचा डॉक्टर बाहेर आला, टोपी काढली आणि म्हणाला, "आजी, निघालंय सगळं." मी विचारलं, "सगळं म्हणजे किती?" तो मुलाशीच बोलायला लागला. म्हातारीने प्रश्न विचारला की यांच्या कानात कापूस जातो.

सून आणि मी एकवीस वर्षं एका छपराखाली आहोत. आमचं पटत नाही हे शेजाऱ्यांनाही पाठ आहे. पण हे दुखणं तिला का आणि मला का नाही, याचं उत्तर मला कोणी देत नाही. माझं सगळं वापरून झालंय.

११ फेब्रुवारी

घरात घाणेरडा वास. नाकातून थेट डोक्यात जाणारा, डोळ्यांना पाणी आणणारा. शोधलं तर शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर काळ्या पिशवीत गुंडाळलेली प्लास्टिकची बरणी, पांढऱ्या झाकणाची. मुलगा फ्रीज दुरुस्त करतो. घरभर त्याचे डबे, नळ्या आणि गॅसच्या टाक्या. शंभरदा सांगितलं, हे सामान घरात नको. तो दवाखान्यात बसलेला, मी ओरडू कोणावर? बरणी उचलली आणि गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली ठेवली. तिथे दिवसभर ऊन असतं. वास उडून जाईल.

१३ फेब्रुवारी

मुलगा सकाळी आला, फळीवर हात फिरवला आणि पांढराफटक पडला.

"आई, इथली बरणी कुठाय?"

"गॅलरीत."

"तुला हात लावायला कोणी सांगितलं होतं?"

"तुझं नाक गप्प बसलं म्हणून माझ्या नाकाने सांगितलं."

एरवी हसला असता. आज बरणी छातीशी धरून डावी चप्पल उजव्या पायात घालून पळाला. फ्रीजच्या औषधासाठी एवढी धावाधाव मी कधी पाहिली नाही. गिऱ्हाईक खडूस असेल.

१९ फेब्रुवारी

सून घरी आली. निम्मी झालीय. दोन चमचे सूप पोटात गेलं की हात वर करते. मी म्हटलं, "तिसरा घे." म्हणाली, "आई, तुम्ही माझं जठर पाहिलं नाहीये. आता ते मनीपर्सएवढं आहे." मी म्हटलं, "मग मनीपर्समध्ये तिसरा कोंब." नात म्हणाली, "आजी, वही." म्हणून लिहिलं.

२६ फेब्रुवारी

प्रथिनांचा रिपोर्ट आला. नातीने मला समजावून सांगितलं, आणि मला समजेपर्यंत सोडलं नाही, हे तिचं चांगलं आहे. काढलेल्या गाठीच्या चकत्या कापतात, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ. काचेवर ठेवतात. वर रंग सोडतात. तीन प्रथिनं शोधायची असतात, जिथे प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग धरतो. ही तिन्ही जोरात असली की गाठीतल्या पेशी एकमेकींचा हात सोडतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात, यकृतात, पोटाच्या पडद्यावर. नसली तर पसरायची भीती कमी.

आमच्या रिपोर्टवर तिन्हींपुढे शून्य. फिका.

पोटाचा डॉक्टर म्हणाला, सलाइनमधून औषधं द्यायची गरज नाही, दर तीन महिन्यांनी येऊन दाखवा. सुनेने घरी आल्यावर आरशासमोर केस विंचरले. महिन्याभरात पहिल्यांदा. मुलगा शेजारी दारोदार सांगून आला. मीही चहा जास्त टाकला.

रिपोर्टला रंगीत फोटो जोडलेत. ते मी पाहिले. नंतर परत पाहिले.

२७ फेब्रुवारी

मी एकतीस वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात होते. हौदाच्या कडेला उभं राहून रंग नीट धरला का ते ओळखायचं, हे माझं काम. प्रत्येक घाण्याबरोबर, म्हणजे एका खेपेच्या कापडाबरोबर, हमखास रंगणारी एक ओळखीची पट्टी सोडायचो. पट्टी रंगली आणि कापड रंगलं नाही, तर रंग बरा आहे आणि कापडातच काहीतरी बिघडलंय. पांढरं कापड आणि रंग न धरलेलं कापड यांत फरक असतो. पांढरं कापड स्वच्छ दिसतं. रंग न धरलेलं कापड मेलेलं दिसतं.

हा तुकडा मला मेलेला दिसतो.

नातीला विचारलं, "निरोगी जठरात हा तपकिरी येतच नाही का?" म्हणाली, "तीनपैकी एक प्रथिन निरोगी अस्तरातही थोडं असतं. फिकट तांबूस दिसतं." मी फोटोच्या कडेला बोट ठेवलं. "हे काय आहे?" ती बघत राहिली. "हे निरोगी अस्तर असावं." ते कागदासारखं कोरं होतं.

नात म्हणाली, "आजी, त्यांनी पाहिलं असेलच. ते डॉक्टर आहेत."

तेही खरं. कारखान्यात मी एकदा चाळीस ताग्यांचा घाणा अडवला होता, बिघडलाय म्हणून. बिघडला नव्हता. पुढे वर्षभर मला सगळे शहाणी म्हणत होते, आणि ते कौतुक नव्हतं. तेव्हा कापड होतं. आज चुकले तर सुनेच्या तोंडावरचं हसू जाईल, तेही फुकटचं.

१ मार्च

बोलले. जेवताना. बोलायला नको होतं तेव्हाच बोलते मी.

"रिपोर्ट परत करून घ्या," म्हटलं. "तुकड्याने रंग धरलेला नाही."

मुलाचा घास हातातच राहिला. सून शांतपणे म्हणाली, "आई, एकवीस वर्षांत माझी एक गोष्ट तुम्हाला चांगली दिसली नाही. आता माझा रिपोर्टही बघवत नाही का?"

"मी फोटोबद्दल बोलतेय."

"तुम्ही माझ्याबद्दलच बोलताय. कायम."

मुलगा मध्ये पडला, "आई, पुरे. झालं ते झालं." त्याचा आवाज चोरून दार लावल्यासारखा. बायकोची बाजू घेतोय हे कळलं. पण घेताना माझ्याकडे बघत का नव्हता, ते कळलं नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताट तिथेच ठेवलं. मला काय हौस आहे? ती मेली तर कांदा मीच चिरणार ना.

हे शेवटचं खोडणार होते. राहू दे. खोटं नाही.

४ मार्च

नातीला घेऊन तपासणी विभागात गेले. ती येत नव्हती. म्हटलं, मग मी एकटी जाते आणि रस्ता चुकले तर तुझ्या नावाने ओरडेन.

काच बघणारा डॉक्टर तरुण आहे, डोळ्यांखाली काळं. तो वैतागलाच. "आजीबाई, असं कोणीही येऊन काच बघत नाही." मी म्हटलं, "मी कोणीही नाही. मी एकतीस वर्षं रंगात होते. पाच मिनिटं दे, नंतर हाकल." तो हसला नाही, पण खुर्ची ढकलली. मायक्रोस्कोपमधलं सगळं पडद्यावर दिसत होतं.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं. माझी गंमत करत होता.

"ही बाजूची तुमची ओळखीची पट्टी ना?"

"हो. प्रत्येक काचेवर एक ठेवतो." आता तो सरळ बसला.

"ती झकास रंगलीय. म्हणजे तुमचा रंग बरा आहे."

"बरोबर. म्हणूनच म्हणतो, तुमच्या तुकड्यात प्रथिन नाही."

"आणि हे खालचं?"

"निरोगी अस्तर."

"त्यात फिकट तांबूस यायला हवा म्हणे." नातीने माझ्या कोपराला चिमटा काढला.

"येतो," तो म्हणाला.

"मग इथे कुठे गेला?"

त्याने चाक फिरवलं. काच सरकवली, परत आणली. बराच वेळ वाकलेलाच राहिला. नंतर जे म्हणाला ते आम्हाला उद्देशून नव्हतं. "हे मी पाहायला हवं होतं."

मी म्हटलं, "आमच्याकडे सूत तुरटीच्या पाण्यात दोन दिवस विसरलं की नंतर रंग नीट धरायचं नाही. तुमच्याकडे असं काही असतं का?"

त्याने वही उघडली. तुकडा काढला की औषधाच्या पाण्यात ठेवतात, कुजू नये म्हणून. एक दिवस, फार तर दोन. जास्त राहिला, त्यात उष्णता लागली, तर प्रथिनं अशी आवळली जातात की रंगाला आत शिरायला जागाच उरत नाही. वहीत तुकडा पोचल्याची तारीख होती, तेरा. काढल्याची तारीख लिहायचा रकाना रिकामा.

"ऑपरेशन कधी झालं?"

"आठला," नात म्हणाली.

"पाच दिवस? आम्ही तेव्हा वरच्या मजल्यावर सामान हलवत होतो, चार दिवस बंद होतं. पण तुकडा होता कुठे?"

बोलता बोलता त्याने मागचं कपाट उघडलं. आत रांगेने बरण्या. पांढरी झाकणं. आणि तो वास.

मी खुर्चीवर बसले. नात विचारत होती, आजी काय झालं. मी म्हटलं, चढण फार होती. आम्ही लिफ्टने गेलो होतो.

५ मार्च

मुलगा कामावरून आल्यावर त्याला गॅलरीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

"बरणीत काय होतं?"

त्याने कपड्यांच्या दोरीला धरलं. सगळं सांगितलं. तिथली पद्धतच अशी, की ऑपरेशनवाले तुकडा नातेवाइकाच्या हातात देतात आणि म्हणतात, जा, पोचव. हा खाली तपासणी विभागात गेला तर दाराला कुलूप, चार दिवस बंदचा कागद. वर परत गेला तर तिथे कोणी घेईना. बायको शुद्धीवर येत होती, हाक मारत होती. याने घरी आणून फळीवर ठेवली. मग दवाखान्यात तिच्या उशाशी बसला. चार दिवस सारखं मनात घोळत होतं म्हणाला, पण विचारलं कोणाला नाही. तेरा तारखेला त्यांनीही विचारलं नाही. यानेही सांगितलं नाही.

"रिपोर्ट चांगला आला ना, आई. मला वाटलं, सुटलो."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, जागा पुरणार नाही. तो लहान असताना ज्या शब्दांनी बोलले नव्हते ते सगळे काढले. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "फळीवर सावलीत होती, आई."

एवढंच म्हणाला. पुढे काही म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं त्याने. मी ओरडायची थांबले ती तिथेच.

दोरीखालची ती जागा पाहिली. ऊन होतं.

६ मार्च

आम्ही दोघं काच डॉक्टरकडे गेलो. मुलाने पाच दिवस कबूल केले. मी म्हटलं, "त्यातले दोन उन्हात. ते माझे." डॉक्टरने दोघांना धुऊन काढलं. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?" मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "माणसाच्या पोटातला तुकडा पार्सलासारखा नवऱ्याच्या हातात देतात, तारीख विचारत नाहीत, कोरं अस्तर बघून शून्य लिहितात. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?" तो लाल झाला. मग म्हणाला, "हो."

दुर्बीण घालून आधी काढलेला दाण्याएवढा तुकडा पहिल्या तपासणीतच संपलाय, म्हणून याच तुकड्याच्या नव्या चकत्या कापणार. या वेळी जास्त वेळ उकळणार, म्हणजे आवळलेलं सैल होईल. किती दिवस आवळलंय हे माहीत नसतं तर किती उकळायचं हेही कळलं नसतं म्हणाला. मी म्हटलं, सूतही असंच.

परत तपासायला सुनेची सही लागते. मुलाने घरी कागद पुढे केला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तो म्हणाला, "बरणी माझ्याकडे राहिली पाच दिवस. गॅलरीत उन्हात ठेवली होती मी."

मी बाहेर गेले नाही. भांडं घासत राहिले. घासलेलंच भांडं.

सुनेने पेन मागितलं. वाचलंही नसेल, इतक्या पटकन सही केली.

९ मार्च

कोणी कोणाशी बोलत नाही. सून भिंतीकडे तोंड करून असते. सकाळी तिला ओकारी आली, मी बादली धरली, तिने माझा हात बाजूला केला आणि बादली स्वतः धरली.

फिकाच येऊ दे. मला शहाणी म्हणू देत, जन्मभर म्हणू देत. हे मी रोज म्हणते. पण मन लावून म्हणते का, माहीत नाही. आत एक बाई बसलीय, हौदाच्या कडेला. तिला फक्त रंग बघायचाय.

१२ मार्च

काच डॉक्टरने स्वतः फोन करून बोलावलं. पडद्यावर दोन चित्रं ठेवली होती, जुनं आणि नवं. नव्यात निरोगी अस्तर फिकट तांबूस, जसं हवं तसं. आणि गाठीत तीनपैकी दोन प्रथिनं गडद. तपकिरी कसलं, काळपट. पेशीन् पेशी.

"तुमचं बरोबर होतं, आजी," तो म्हणाला.

माझी छाती फुगली. हे लिहायलाच हवं. एक श्वासभर फुगली. एकतीस वर्षं, चाळीस तागे, सगळे हसणारे, सगळ्यांना दाखवलं असं वाटलं. मग डोळ्यांपुढे दिसलं की मी कशावर फुगलेय. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला होता.

मला माझा इतका संताप आयुष्यात कधी आला नव्हता.

पोटाचा डॉक्टर म्हणाला, सलाइनमधून औषध, लगेच सुरू, सहा महिने. आता सुरू केलं तर उपयोग आहे, अजून दोन महिन्यांनी केलं असतं तर सांगता आलं नसतं. मी विचारलं, "उपयोग म्हणजे किती?" या वेळी त्याने माझ्याकडे बघून उत्तर दिलं. "खात्री नाही, आजी. पण शर्यतीत आहोत."

१३ मार्च

सुनेला मुलाने सांगितलं. ती रडली नाही. केस बांधले, उठली आणि मुलाला म्हणाली, "तू बरणी उन्हात ठेवलीस?"

"हो."

"तुला काही वाटलं नाही?"

मी दारात उभी. तोंड उघडलं, आणि आतून हवा आली फक्त. एरवी या तोंडाला झाकण लागतं.

२० मार्च

पहिलं सलाइन. खोलीत आठ खुर्च्या, आठ माणसं, आठ नळ्या. नर्सने बजावलं, या औषधाने गार सोसत नाही, गार पाणी नको, गार वस्तूला हातही नको, सुया टोचल्यासारखं होतं. मुलाला सुनेने यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही. नातीची परीक्षा. राहिले मी.

सुई लागली. थेंब पडायला लागले. मी ठरवूनच आले होते. नळी लावलेली असताना ती उठून जाऊ शकत नाही. तेवढी मी चलाख आहे.

"बरणी मी उन्हात ठेवली," म्हटलं. "त्याने नाही. मला वाटलं, फ्रीजचं औषध आहे."

ती छताकडे बघत राहिली. पन्नासेक थेंब पडले. मी मोजत होते.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"त्याला वास येतो कधी? एकवीस वर्षांत दूध जळलेलं त्याला कळलं नाही. तो कशाला काही उचलून गॅलरीत ठेवेल."

"मग त्याच्यावर का चिडलीस?"

"खोटं बोलला म्हणून. आणि तुम्ही बोलू दिलंत म्हणून तुमच्यावर." जरा थांबून म्हणाली, "फोटो मीही पाहिला होता, आई. मला रंगातलं काही कळत नाही. पण रिपोर्ट आल्यावर जे बरं वाटायला हवं होतं, ते वाटत नव्हतं. आणि तुम्ही जेवताना तेच बोललात. तेव्हा तुमचा गळा दाबावासा वाटला."

"दाबायचा होतास."

"टाके होते."

मी हसले नाही. तीही हसली नाही. समोरच्या खुर्चीतला म्हातारा हसला, तो चोरून ऐकत होता. त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं.

"आता ठरवू दे मला," ती म्हणाली, "आधी तुमच्यावर राग काढायचा की तुमच्या मुलावर."

"दोघांवर काढ. सहा महिने आहेत."

"सहाच?"

मी परत थेंब मोजायला लागले.

"पाणी द्या," ती म्हणाली.

पिशवीतली बाटली काढली तर गार. सकाळी मीच भरली होती, नर्सने सांगायच्या आधी. तिने हात पुढे केला, मी दिली नाही. "थांब," म्हटलं, आणि बाटली पोटाशी धरून, वरून शाल घेऊन बसले.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"मोडू दे आधी तिचा गारवा. घाई केली की बिघडतं."

ती डोळे मिटून पडली. मधून मधून एक डोळा उघडून बाटलीकडे बघायची. मी मधून मधून गालाला लावून बघत होते, अजून गार, अजून गार. सलाइन अर्धं झालं तेव्हा कुठे बाटली कोमट लागली. मग दिली.